लुटलेलं वाण

शैला मुसळेच्या हाताला दह्याचा गुण होता. आता ही काही भिंतीवर टांगायची पदवी नव्हे, पण इचलकरंजीतल्या यंत्रमागांच्या त्या गल्लीत पदवीपेक्षा तिला मान जास्त. पावसाळ्यात कुणाच्या दह्याला तार सुटली, थंडीत कुणाचं लागलंच नाही, की ती बाई वाटी घेऊन निघायची ती थेट शैलाच्या दारात. "वहिनी, विरजण द्या की जरा." आणि विरजण मागायला आलेल्याला रिकाम्या वाटीनं पाठवू नये, दिल्यानं आपल्या घरचं वाढतं, ही शैलाच्या आईची शिकवण. वाढलं म्हणजे काय, चांगलंच वाढलं! तेच सांगायचंय.

शैलाचा नवरा विलास हा यंत्रमागावरचा जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. उभा जन्म खडखडाटात गेल्यामुळं बोलणं मोठ्यानं आणि स्वभाव मस्करीचा. पन्नाशीच्या आत त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. गावातल्याच डॉक्टर नौशीन मुजावर यांनी त्याच्या पोटात एक मऊ नळी बसवली आणि घरच्या घरी डायलिसिस कसं करायचं ते शैलाला शिकवलं. दिवसातून चार वेळा औषधी पाण्याची पिशवी लावायची, पाणी पोटात सोडायचं, पोटातल्या पडद्यातून रक्तातली घाण त्या पाण्यात गाळून येते, मग ते पाणी दुसऱ्या पिशवीत काढायचं. काम सोपं, पण एक जंतू जरी आत गेला तरी माणूस हातचा जायचा. म्हणून शैला कोपरापर्यंत हात धुवायची, तोंडाला फडकं बांधायची, पंखा बंद करून खिडक्या लावायची आणि मगच नवऱ्याला हात लावायची. इतकी वर्षं झाली, पण न धुतल्या हातानं तिनं त्या पोटाला कधी स्पर्श केला नव्हता.

बाहेर काढलेलं पाणी स्वच्छ आहे का, हे बघायची एक साधी युक्ती डॉक्टरांनी सांगितली होती. भरलेली पिशवी वर्तमानपत्रावर ठेवायची. तिच्यातून अक्षरं वाचता आली तर सगळं ठीक, धूसर दिसली तर पोटात जंतू शिरले. विलासनं त्यासाठी राशिभविष्याचं पान धरलं होतं.

"वृषभ. प्रवासाचे योग. जोडीदाराशी मतभेद टाळा," रोज सकाळी पिशवीतून वाचून तो म्हणायचा. "बघ शैले, पेपरात पण छापून आलंय."

"पेपरवाल्याला कळवा, जोडीदार चार-चारदा हात धुऊन बेजार झालीय म्हणावं," शैला म्हणायची. रोजचं भांडण, रोजचीच गोडी.

पण ह्या जगण्याचा कचरा किती! दर वेळी एक भरलेली पिशवी, एक रिकामी, त्यांचं बाहेरचं आवरण, नळ्या, टोपणं. घंटागाडीवाला एकदा सगळ्यांदेखत म्हणाला, "काकी, अख्ख्या गल्लीचा कचरा एकीकडं आणि तुमचा एकीकडं." शैलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून ती धुतलेल्या पिशव्या माळ्यावर रचून ठेवायला लागली. माळा भरला, मग पलंगाखालची जागा भरली. नवरा जगतोय ह्याचा आनंद मानावा की त्याच्या जगण्याच्या ढिगाची लाज बाळगावी, असं झालं होतं तिला.

अशातच 'निर्मळ' नावाच्या एका संस्थेनं घरोघरी जिरवणाची मडकी वाटली.

जिरवण म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. वेफर्सचं चकचकीत पाकीट दिसायला एक, पण असतं पाच-सात थरांचं. एक थर हवा अडवतो, एक ओल अडवतो, एकावर छपाई, आतून धातूचा मुलामा. हे थर सोलून वेगळे होत नाहीत, आणि वेगळे झाल्याशिवाय वितळवून पुन्हा कामाला येत नाहीत. म्हणून भंगारवालासुद्धा ती पाकिटं उचलत नसे. मुळात प्लास्टिक म्हणजे छोट्या छोट्या कड्यांच्या लांबलचक साखळ्या, आणि त्या तोडायची कात्री निसर्गातल्या फारशा कुणाकडं नव्हती. शास्त्रज्ञांनी अशी कात्री असलेले काही जंतू शोधले, काहींना प्रयोगशाळेत ती दिली, आणि एका थरावर एक जंतू अशी त्यांची पंगत बसवली. गढूळ, आंबूस वासाचं ते पाणी मडक्यात असायचं. त्यात दुधाची पिशवी, शाम्पूची पुडी, बिस्किटाचा कागद टाकला, की आठवड्याभरात तळाला थोडी लगदा-माती उरायची. बस्स!

हे जंतू मडक्याबाहेर पडले तर जगातलं सगळंच प्लास्टिक खातील, ही भीती शास्त्रज्ञांनाही होती. म्हणून त्यांनी जंतूंना कुलूप घातलं. जगण्याला लागणारं एक द्रव्य त्यांना स्वतः बनवता येणार नाही अशी व्यवस्था केली. ते द्रव्य दर महिन्याला संस्था पुडीतून द्यायची. पुडी नाही मिळाली की जंतू उपाशी मरणार. बाहेर पळाले तरी मरणारच. मडकी वाटायला आलेल्या मुलीनं बोट उंचावून दोन गोष्टी बजावल्या होत्या: हे कुणाला काढून द्यायचं नाही, आणि दवाखान्याचं प्लास्टिक ह्यात टाकायचं नाही.

शैला त्या गोष्टी विसरली असं नव्हे. तिला त्या पटल्या नाहीत. अहो, जिच्या घरात प्लास्टिक म्हणजे निव्वळ दवाखान्याचंच, तिनं मडक्यात काय टाकायचं, मिठाची पिशवी? तिनं माळ्यावरची एक पिशवी कात्रीनं बारीक कापून मडक्यात टाकली. जिरवणानं तोंड फिरवलं. शैलानं बाकीचं सगळं खाद्य बंद करून तेच पुढं ठेवलं. न खाणाऱ्या पोराला आई करते तसंच. दोनेक महिन्यांत जिरवण पिशव्या खायला लागलं.

पुढं संस्थेचा निधी आटला आणि पुड्या यायच्या बंद झाल्या. गल्लीतली मडकी एकामागून एक मेली, वास मारायला लागली, उकिरड्यावर गेली. शैलाचंही मडकं निपचित पडलं. पण विरजण मरू द्यायचं हे तिच्या रक्तात नव्हतं. अशक्त विरजणाला काय करतात? थोडी उबेला ठेवतात, गुळाचा खडा घालतात. तिनं तेच केलं. वर आदल्या दिवशीच्या दह्याची निवळी पळीनं घातली, आणि मडकं जुन्या लुगड्यात गुंडाळून शेगडीच्या अंगाला ठेवलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मडक्यात बुडबुडे आले.

"बाई गं, उठलं की हे!" शेजारच्या पद्माक्का दारातूनच ओरडल्या. "शैला, तुझ्या हातानं दगडाचंसुद्धा दही लागंल."

झालं होतं ते असं. निवळीत ते कुलपाचं द्रव्य थोडंफार असतंच. त्यावर जिरवण मेलं नाही, पण सुखानंही जगलं नाही. आणि अर्धपोटी राहणारा नवी वाट शोधतो, हा माणसाचा नियम जंतूंनाही लागू आहे. त्यांची पिढी तासाभरात बदलते. कोट्यवधी मरतात, आणि एखादाच काहीतरी नवं जमवून तगतो. त्यातून शेजारी दह्याचे जंतू होते, त्यांना ते द्रव्य बनवता येत होतं. जंतू एकमेकांची जनुकं उसनी घेतात, वाटी घेऊन शेजारी गेल्यासारखी. कधीतरी त्या मडक्यात कुणीतरी कुणालातरी नाही म्हटलं नाही, आणि कुलूप उघडलं. शैलाला ह्यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिला एवढंच दिसलं की आता पुडीची गरज नाही.

मग आली संक्रांत. मागची कित्येक वर्षं हळदीकुंकवाला वाण म्हणून काय लुटायचं, तर प्लास्टिकचे डबे, प्लास्टिकच्या चाळण्या. शैलानं त्या वर्षी कुंभाराकडून मातीची छोटी बोळकी आणली, प्रत्येकावर गेरूची एक रेघ ओढली, आत जिरवण भरलं आणि आलेल्या प्रत्येक सवाष्णीच्या ओटीत एकेक ठेवलं. "निवळी घालत जा, मरत नाही," असं प्रत्येकीला सांगायला विसरली नाही. बायकांनी घरी नेऊन वाढवलं आणि रथसप्तमीपर्यंत आपापल्या हळदीकुंकवात लुटलं. कुणी माहेरी नेलं, कुणी लेकीच्या सासरी धाडलं. घंटागाडीवाला हात जोडून म्हणाला, "काकी, तुमच्यामुळं माझं ओझं निम्मं झालं बघा." त्या दिवशी शैला इतकी आनंदात होती की तिनं त्याला वाटीभर दही दिलं.

उन्हाळ्यात पद्माक्कांची सिंथेटिक साडी भर लग्नात निऱ्यांपाशी जाळीदार झाली. सगळ्या बायका पोट धरधरून हसल्या. पुढच्या आठवड्यात दूधवाल्याच्या पिशव्या गळायला लागल्या, तेव्हा हसणं थोडं कमी झालं. मग मिठाच्या पिशव्या ओलावल्या, खताची पोती फाटली, पाण्याच्या टाकीला बारीक भोकं पडली. यंत्रमागांमुळं त्या गावच्या हवेत कापसाची भुकटी सदाचीच तरंगत असते. तिच्यावर बसून जिरवण घराघरात हिंडत होतं. कुलूप नसल्यामुळं आता ते बाहेर मरत नव्हतं.

आणि एके सकाळी विलासच्या नव्या, न फोडलेल्या पिशवीला घाम आलेला दिसला. शैलानं पुसला. परत आला. तिनं पिशवी दाबून बघितली, तर सुईच्या टोकाएवढ्या भोकातून पाणी झिरपत होतं. तिनं दुसरी काढली, तिसरी काढली. खोक्यातल्या निम्म्या गळक्या निघाल्या.

डॉक्टर मुजावर स्वतः घरी आल्या. काडीला लावलेल्या कापसानं त्यांनी मडकं, खोकी, पलंग, दाराची कडी, सगळीकडून पुसून घेतलं. शैलाच्या नखांतूनही घेतलं. तपासणी झाल्यावर त्या पुन्हा घरी आल्या.

"मावशी, गावात प्लास्टिक खाणारे जंतू सगळीकडंच सापडतायत," त्या म्हणाल्या. "पण ह्या पिशव्यांचं प्लास्टिक खाणारे आधी कुठंच नव्हते. हे नवे आहेत. आणि ते सगळ्यात जास्त ह्या घरात आहेत."

शैलाला कळायला वेळ लागला नाही. "मी शिकवलं त्याला," ती म्हणाली. "दुसरं काही देतच नव्हते ना मी. म्हणजे ह्यांचं औषध मीच खायला शिकवलं."

"तुम्ही नसतं केलं तर आणखी कुणी केलं असतं."

"पण केलं मी, डॉक्टर."

विलास पलंगावरून म्हणाला, "आता तिला फाशी देऊन काय पिशव्या बुजणार हायत का? पुढचं बोला."

पुढचं फार नव्हतं. दवाखान्यातल्या यंत्राच्या नळ्या आणि गाळण्यासुद्धा प्लास्टिकच्याच, त्याही तशाच झिरपत होत्या. काचेच्या बाटल्यांतून हे पाणी पूर्वी यायचं, पण ते कारखाने कधीच बंद पडले होते आणि पुन्हा उभे राहायला वर्ष तरी लागणार होतं. विलासकडं वर्ष नव्हतं. एकच जागा होती. घाटाखाली, कोकणात, अशा रुग्णांसाठी एक बंदिस्त वॉर्ड उघडला होता. तिथं अजून जिरवण सापडलं नव्हतं. औषधी साबणानं अंघोळ घालून, नवे सुती कपडे देऊन, घरची एकही वस्तू न घेता माणसाला आत घेत होते.

"मी काय काय आणू संगं?" शैलानं विचारलं.

डॉक्टरांनी मान खाली घातली. "तुम्हाला येता येणार नाही, मावशी. तुमच्या हातांवरच सगळ्यात जास्त आहे. आणि दह्याच्या भांड्यात. किती धुतलं तरी निघत नाहीये. त्यांना जगवायचं असेल तर तुम्ही त्यांच्यापासून लांबच राहायला हवं."

शैलानं आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. ह्याच हातांचं गल्ली कौतुक करत होती. तिनं ते पदराखाली घेतले आणि डॉक्टर जाईपर्यंत बाहेर काढले नाहीत.

विलास आधी नाहीच म्हणाला. तिकडं एकटा जगून काय मागाला तेल घालू, म्हणाला. दोन दिवसांनी शैला एकदम भडाभडा बोलली. "तुम्ही इथं राहिलात तर मी तुम्हाला मारलं असं होईल. तिकडं गेलात तर निदान तुम्ही जगताय एवढं तरी मला राहील. माझ्यासाठी जावा." ह्यावर मात्र तो हो म्हणाला.

गाडी आली त्या दिवशी अंघोळ घालून, पांढरे सुती कपडे चढवून त्याला दारात उभं केलं होतं. शैला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, मधे अख्खी पडवी. विलासनं सवयीनं उजवा तळहात पुढं केला. लग्न झाल्यापासून तो कुठंही निघाला, भिवंडीला मागाचे पार्ट आणायला असो की पोटाच्या ऑपरेशनला, शैलानं त्या तळहातावर दही-साखर ठेवली नाही असं झालं नव्हतं. आजारात डॉक्टरांनी दही बेतानं खायला सांगितलं, तेव्हापासून तर तो त्या चमचाभरासाठी प्रवासाची निमित्तं काढायचा.

"दे की," तो म्हणाला.

"दह्यातच आहे ते," शैला म्हणाली. "नाही देणार."

"चिमटीभर गं. कुणाला कळतंय?"

"नाही म्हणजे नाही!" ती इतक्या जोरात ओरडली की गाडीवाला वळून बघायला लागला. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं कुणाला तरी दही नाकारलं होतं.

विलासनं पुढं केलेला हात थोडा वेळ तसाच धरला, मग कपड्याला पुसला. "रिकाम्या हातानं कधी गेलो नव्हतो बघ," एवढं बोलून तो गाडीत चढला. त्या दिवशी शैला जेवली नाही. दह्याचं भांडं तिनं परसात नेऊन फोडलं आणि त्याच्यावर राखेची पाटी ओतली. फोडून काय उपयोग, बैल गेला अन् झोपा केला!

वॉर्डातून रोज फोन यायचा. पडद्यावर विलासच्या मागं पांढरी भिंत दिसायची, आणि कधी नमिता नावाची एक हसरी नर्स. "काकू, काका आम्हाला पण भविष्य वाचून दाखवतात," ती सांगायची. विलासचा चेहरा भरला होता, पायांची सूज उतरली होती. शैला ते बघायची आणि दही नाकारल्याचं दुःख थोडं गिळायची. बरंच केलं आपण, म्हणायची. त्या नाही म्हणण्यानंच माणूस जगला. गल्लीत कुणाशी बोलेनाशी झाली होती, पण त्या फोनपुरती ती माणसांत यायची.

पावसाळा संपता संपता एका सकाळी फोन आला, तेव्हा विलास मस्करी करत नव्हता.

"शैले, अक्षरं दिसंनात."

तिला वाटलं डोळ्यांचं काही झालं. मग कळलं. "पेपर नीट धरा. उजेडात धरा," ती म्हणाली.

"उजेडातच धरलाय. ताकाच्या निवळीसारखं आलंय पाणी. कालपासनं पिशव्यांना घाम सुटला होता, मी बोललो न्हाई."

"पण तिथं कसं... तुम्ही तर काहीच नेलं नव्हतं!"

"मी न्हाई नेलं." तो म्हणाला. "ती नमिता पोरगी सकाळपासनं रडतीय. तिच्या आईला आजऱ्याच्या मावशीकडनं संक्रांतीचं वाण आलं होतं. घरी आहे म्हणं अजून, निवळी घालून वाढवलेलं. मी विचारलं, कसलं भांडं गं? तर मातीचं बोळकं, म्हणाली. गेरूची रेघ हाय त्याच्यावर."

ती रेघ शैलानंच ओढली होती. म्हणजे तो निघण्याच्या कितीतरी आधीच तिचं बोळकं घाटाखाली उतरून त्याची वाट बघत बसलं होतं. त्या दिवशी तळहातावर चिमटीभर दही ठेवलं असतं, तरी काही बिघडणार नव्हतं.

"मी घरी येतो," विलास म्हणाला. "गावातनं बाहेर जायला बंदी हाय, आत यायला कुणाची ना न्हाई."

औषधांनी ताप थोडा उतरला, पण दुसरी चांगली पिशवी कुठंच नव्हती. पोटातली नळी शाबूत होती, तिला जोडायला काही उरलं नव्हतं. फार तर आठवडा, डॉक्टर मुजावर म्हणाल्या, आणि ते सांगताना डॉक्टर असूनही रडल्या. तो यायच्या आदल्या संध्याकाळी शैला पद्माक्कांच्या दारात वाटी घेऊन उभी राहिली. "अक्का, विरजण द्या की जरा. ह्यांना दही लावायचंय." उभ्या जन्मात तिनं कुणाकडं विरजण मागितलं नव्हतं. पद्माक्कांनी काही न विचारता वाटी भरून दिली. ते मुळात शैलाच्याच घरचं होतं.

दुसऱ्या दिवशी विलासला पलंगावर आणून टेकवलं. अंग पुन्हा सुजलं होतं, श्वास लागत होता. शैला सवयीनं मोरीकडं वळली, बाह्या वर केल्या आणि साबण घेऊन हात चोळायला लागली.

"ऱ्हाऊ दे," तो मागून म्हणाला. "आता कशाला धुतीस?"

ती थांबली. साबण होता तिथं ठेवला, हात पदराला पुसले. दह्याच्या कवडीवर साखर घातली आणि त्याच्याजवळ येऊन बसली. त्यानं उजवा तळहात पुढं केला. तिनं खालून आपला हात लावला.

"मागितलं होतं तेव्हाच द्यायचं होतं मी," ती म्हणाली.

"तेव्हाचं आणि आत्ताचं मिळून दे. जास्त घाल." त्यानं तळहात चाटला आणि डोळे मिटले. "पेपरात आलंच होतं की, प्रवासाचे योग."

शैलानं चमचा खाली ठेवला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, न धुतलेला हात त्याच्या पोटावर ठेवून बसून राहिली.